कोरा चहा

कोरा चहा म्हणजे दूध न घालता केलेला चहा. महाराष्ट्रात तो बहुधा दाणेदार चहा पावडरीपासून करतात. पाण्यात साखर किंवा गूळ विरघळवून त्यात पावडर टाकतात, उकळी आणतात आणि गाळून पितात. आले, सुंठ, गवती चहा, पुदिना, तुळस किंवा लिंबू यांपैकी एखाद्याची जोड त्याला दिली जाते. ग्रामीण बोलीत त्यास 'कोरा च्या' म्हणतात. 'काळा चहा' आणि 'बिनदुधाचा चहा' ही नावेही प्रचलित आहेत.

दूध न मिळणाऱ्या किंवा न परवडणाऱ्या घरातील रोजचे पेय ही कोऱ्या चहाची जुनी ओळख होय. अलीकडे शहरांत तोच चहा वजन आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा हृदयाच्या आरोग्यासाठी मुद्दाम घेतला जातो. दोन्ही ठिकाणी पेय एकच असले तरी परिणाम सारखा होत नाही. चहा किती दाट, किती गरम, किती गोड आणि जेवणाच्या किती जवळ घेतला, यांवर तो अवलंबून असतो. चीनमधील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवलेल्या गडद चहाशी कोऱ्या चहाची पुष्कळदा गल्लत केली जाते; प्रत्यक्षात ते दोन निराळे चहा आहेत.

नाव आणि नावांचा गोंधळ

'चहा' हा शब्द चिनी 'छा' या शब्दाच्या कुळातला आहे. पोर्तुगीज भाषेतही चहाला 'शा' म्हणतात. इंग्रजी 'टी' हा शब्द मात्र दक्षिण फूजियानमधील 'ते' या उच्चारापासून आला. 'कोरा' या मराठी विशेषणाचा अर्थ ज्याला दुसऱ्या कशाचा स्पर्श झालेला नाही असा. कोरा कागद, कोरे कापड, तसाच दुधाचा स्पर्श न झालेला कोरा चहा. म्हणजे हे नाव रंगावरून नव्हे, तर जे घातलेले नाही त्यावरून पडलेले आहे.

रंगावरून दिलेली नावे देशागणिक बदलतात. इंग्रजीत ज्या चहाला 'काळा' म्हणतात, त्यालाच चीनमध्ये 'होंगछा' म्हणजे 'तांबडा चहा' म्हणतात, कारण चिनी नाव पानाच्या रंगावरून नव्हे, तर पेल्यातील अर्काच्या रंगावरून दिलेले आहे. आसाम आणि बंगालमध्येही बिनदुधाच्या चहाला 'लाल' चहाच म्हणतात. चिनी भाषेत 'हेइछा', म्हणजे शब्दशः 'काळा चहा', असाही एक प्रकार आहे. पण तो सर्वस्वी वेगळा, सूक्ष्मजीवांनी आंबवलेला चहा होय. त्यामुळे 'काळ्या चहाचे फायदे' अशा मथळ्याखाली मराठीत येणाऱ्या मजकुरात कधी एका चहाचे गुण दुसऱ्याला चिकटवलेले आढळतात. हा घोटाळा टाळण्यासाठी या लेखात भारतीय चहाला 'कोरा चहा' आणि चिनी 'हेइछा'ला 'गडद चहा' म्हटले आहे.

'गवती चहा' हे नावही फसवे आहे. ते सिंबोपोगॉन सिट्रॅटस या सुगंधी गवताचे नाव असून त्याचा चहाच्या झुडपाशी काही संबंध नाही. नुसत्या गवती चहाच्या काढ्यात कॅफीन नसते.

चहाची पाने काळी कशी होतात

हिरवा, काळा आणि गडद हे तिन्ही चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या पानांपासून होतात. फरक पडतो तो खुडणीनंतरच्या प्रक्रियेमुळे. काळ्या चहासाठी पाने प्रथम पसरून कोमेजवतात, मग वळतात किंवा चुरडतात, दमट हवेत काही काळ ठेवतात आणि शेवटी गरम हवेने वाळवतात. पान चुरडले की त्यातील पेशी फुटतात, पानातील विकरे आणि कॅटेचिने एकत्र येतात आणि हवेतील प्राणवायूशी त्यांचा संयोग होतो. सोललेले सफरचंद किंवा चिरलेले वांगे काही वेळाने तपकिरी पडते, तशीच ही क्रिया आहे. तिच्यातून थिआफ्लेव्हिने आणि थिआरुबिजिने ही द्रव्ये तयार होतात. कोऱ्या चहाचा तांबूस रंग, तरतरी देणारी चव आणि जिभेवर जाणवणारा तुरटपणा यांत त्यांचाच मोठा वाटा असतो.

महाराष्ट्रात घरोघरी वापरली जाणारी दाणेदार पावडर ही 'सीटीसी' पद्धतीची असते. पाने चुरडणे, फाडणे आणि वळवणे या तिन्ही क्रिया दातेरी रुळांच्या यंत्रात एकदमच होतात. ही पद्धत आसाममधील आमगुरी येथे विल्यम मॅकर्चर यांनी १९३० च्या सुमारास प्रचारात आणली. दाणे बारीक असल्यामुळे त्यांतील अर्क पाण्यात झटकन उतरतो. थोड्या पावडरीत जास्त कप होतात, म्हणून ती परवडते. मात्र याच कारणाने ती जास्त उकळली तर चहा लवकर कडू आणि तुरट होतो.

किण्वन आणि ऑक्सिडीकरण

चहाच्या धंद्यात वरील क्रियेला फार पूर्वीपासून 'फर्मेंटेशन' म्हटले जाते आणि मराठीत त्याचे भाषांतर 'किण्वन' किंवा 'आंबवणे' असे केले जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते ऑक्सिडीकरण होय. त्यात जिवाणूंचा किंवा बुरशीचा वाटा नसतो. दुधाचे दही होते किंवा इडलीचे पीठ फुगते, तेव्हा सूक्ष्मजीव काम करतात. काळा चहा होताना ते काम पानातील विकरेच करतात.

खऱ्या किण्वनाचे मोठे उदाहरण पिंपरी येथे होते. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात पेनिसिलियम बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवून तिच्यापासून पेनिसिलीन मिळवले जाई. उष्णता, हवा, खाद्य आणि स्वच्छता यांवर तेथे काटेकोर नियंत्रण ठेवावे लागे, कारण नको ती बुरशी शिरली तर सगळा घाणा वाया जाण्याची भीती असे. गडद चहाच्या बाबतीत हीच गोष्ट लागू पडते: योग्य सूक्ष्मजीव वाढले तर चहा मुरतो, नको ते वाढले तर तो नासतो.

गडद चहा

गडद चहाचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे युन्नान प्रांतातील 'पु-अर'. त्याचे दोन उपप्रकार आहेत. 'शेंग' म्हणजे कच्चा पु-अर. हा वड्या पाडून वर्षानुवर्षे मुरवत ठेवतात. 'शौ' म्हणजे पक्व पु-अर. यात पानांचा ओलसर ढीग रचून, झाकून, अधूनमधून उलथापालथ करीत साधारण दीड ते दोन महिन्यांत ती मुरवतात. ढीग रचण्याची ही पद्धत कुन्मिंग येथील चहा कारखान्यात १९७३ साली विकसित झाली. ढिगात ॲस्परजिलस वर्गातील बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव वाढतात, तुरटपणा कमी होतो आणि थिआब्राउनिने ही गडद तपकिरी द्रव्ये तयार होतात. हूनान प्रांतातील विटेच्या आकाराच्या 'फू' चहात पिवळ्या ठिपक्यांसारखी दिसणारी बुरशी मुद्दाम वाढवली जाते. क्वांगशी प्रांतातील 'लिऊपाओ' हाही गडद चहाच होय. भारतात अरुणाचल प्रदेश व आसाममधील सिंगफो लोक पाने भाजून, उन्हात वाळवून बांबूच्या नळीत ठासतात आणि धुरावर ठेवतात. हा चहा दीर्घ काळ टिकतो. त्याला 'फालाप' म्हणतात.

गडद चहा रक्तातील मेद कमी करतो, असे सांगितले जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत आणि माणसांवरील लहान अभ्यासांत तसे संकेत मिळाले आहेत. औषधाऐवजी तो घ्यावा असे म्हणण्याइतका पुरावा मात्र नाही. तो पिण्याची रीतही वेगळी आहे. वडीचा तुकडा प्रथम उकळत्या पाण्याने विसळून ते पाणी टाकून देतात आणि मग तीच पाने अनेकदा थोडा थोडा वेळ भिजवून लहान पेल्यांतून पितात. बुरसट वास येणारी, हिरवट किंवा पांढरी लव धरलेली वडी वापरू नये. पुणे परिसरातील दमट पावसाळ्यात ती उघडी ठेवल्यास असे होण्याचा संभव अधिक असतो.

महाराष्ट्रातील चहापान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चहा हे महाराष्ट्रात प्रामुख्याने शहरी सुशिक्षितांचे पेय होते. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमधील चहापानास उपस्थित राहिल्याबद्दल लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि इतर मंडळींवर बहिष्काराचे संकट आले, ते 'ग्रामण्य' प्रसिद्ध आहे. तो वाद चहाच्या गुणदोषांचा नव्हता, कोणाच्या घरचे घेतले याचा होता. १९०३ च्या चहा उपकर कायद्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून पुढे भारतात चहाचा पद्धतशीर प्रचार करण्यात आला. रेल्वे स्थानके, गिरण्या आणि कारखाने ही त्या प्रचाराची मुख्य ठिकाणे होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी पुण्यात 'अमृततुल्य' चहाची दुकाने रुळवली. पितळी पातेल्यात दूध, साखर, वेलची, सुंठ घालून उकळलेला तो दाट चहा पुढे पुण्याची ओळख बनला. अमृततुल्य चहा जसा पाहुणचाराचा आणि चवीचा, तसा कोरा चहा गरजेचा राहिला. 'दूध संपलंय, कोरा चालेल का?' हा प्रश्न विचारताना घरच्या बाईचा आवाज खाली येई. आज तोच चहा चकचकीत उपाहारगृहात लिंबाची चकती लावून अधिक दराने मिळतो.

गुळाचा चहा हा कोऱ्या चहाचाच जुना आणि नैसर्गिक प्रकार आहे. गुळातील आम्लता आणि क्षार यांमुळे त्याच्यासोबत उकळलेले दूध फुटण्याची शक्यता असते. म्हणून गुळाचा चहा एकतर कोराच पितात, किंवा पातेले खाली उतरवून जरा निवल्यावर त्यात दूध घालतात.

करण्याची रीत

एका कपासाठी साधारण १५० ते २०० मिलिलिटर पाणी आणि सपाट एक लहान चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम पावडर पुरते. पाणी ताजे घ्यावे. पुन्हा पुन्हा उकळलेल्या पाण्याचा चहा चवीला सपक लागतो. आले किंवा गवती चहा घालायचा असल्यास तो पाण्यासोबत आधी उकळू द्यावा, कारण त्याचा अर्क उतरण्यास वेळ लागतो. पाण्यास खळखळून उकळी आली की पावडर टाकावी, आच बंद करावी आणि पातेल्यावर झाकण ठेवून २ ते ३ मिनिटांनी गाळावे. पावडर आधीपासून पाण्यात घालून बराच वेळ उकळल्यास रंग फारसा वाढत नाही. वाढतो तो कडवटपणा. पाने मोठी, न चुरडलेली असतील तर ३ ते ५ मिनिटे लागतात.

चहा पारखण्याची एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धती १९८० साली ठरवण्यात आली. तीत १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम पाने आणि ६ मिनिटे असे प्रमाण आहे. ते गुणदोष उघडे पाडण्यासाठी आहे. पिण्यासाठी तसा चहा फार दाट होतो.

लिंबू नेहमी गाळल्यानंतर पिळावे. त्यामुळे 'क' जीवनसत्त्व अधिक टिकते. लिंबाने चहाचा रंग एकदम फिका होतो तो आम्लामुळे. अर्क कमी झाला असा त्याचा अर्थ नसतो. दाट कोरा चहा थंड झाल्यावर गढूळ दिसतो, तेही नासल्याचे लक्षण नव्हे. कॅफीन आणि थिआफ्लेव्हिने एकत्र येऊन ती गढूळता येते आणि गरम केल्यावर नाहीशी होते.

कठीण पाण्यात केलेल्या कोऱ्या चहावर तेलकट दिसणारी पातळ साय जमते. पाण्यातील कॅल्शियमचे क्षार आणि चहातील द्रव्ये यांच्या संयोगाने ती बनते. कूपनलिकेच्या पाण्यात हा अनुभव अधिक येतो. लिंबाचे दोन थेंब घातले की साय धरत नाही.

बशीत ओतून चहा पिण्याची मराठी सवय शहरात अशिष्ट समजली जाऊ लागली असली, तरी तिच्यात शहाणपण आहे. उथळ बशीत चहा लवकर निवतो आणि घशाला पोळत नाही.

आरोग्यावरील परिणाम

साखर न घातलेल्या कोऱ्या चहात उष्मांक जवळजवळ नसतात. त्यात कॅफीन, थिआनिन, पॉलिफेनॉले, थोडे पोटॅशियम आणि फ्लोराइड असते. त्याचे परिणाम पुढे विषयवार दिले आहेत.

लोह आणि रक्तक्षय: चहातील पॉलिफेनॉले अन्नातील लोहाशी बांधली जातात आणि ते लोह आतड्यातून रक्तात जाण्यास अडथळा येतो. हा परिणाम धान्ये, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतील लोहावर विशेष होतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पावाच्या जेवणासोबत काळा चहा घेतल्यास लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. चहात दूध घातल्याने यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे या बाबतीत कोरा आणि दुधाचा असा भेद उरत नाही.

महाराष्ट्रात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना आणि ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय होता. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. एकट्या चहाला दोष देता येत नाही. परंतु ज्या घरात लोह मुख्यतः भाकरी, डाळ आणि भाजीतून मिळते, तेथे जेवणालगतचा चहा ते थोडेसे लोहही हिरावून घेतो. सकाळी मुलांना चहात बुडवून चपाती किंवा भाकरी देण्याची पद्धत या दृष्टीने सर्वांत घातक आहे. पोट भरल्यासारखे वाटते, पण पदरात काही पडत नाही. त्याऐवजी भाकरीसोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर, आवळा, पेरू किंवा मोड आलेली कडधान्ये दिल्यास 'क' जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत जेवणापूर्वी आणि जेवणानंतर किमान १ तास चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे. लोहाची गोळी चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेऊ नये; ती पाण्याने किंवा लिंबू-सरबताने घ्यावी. याउलट ज्या विकारांत शरीरात लोह साचते, त्यांत डॉक्टर जेवणासोबत चहा घेण्यास सुचवतात. तोच गुण एकास बाधक, तर दुसऱ्यास उपकारक ठरतो.

कॅफीन: वरील सूचनांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसाचे एकूण प्रमाण ३०० मिलिग्रॅमच्या आत असावे. त्या हिशेबाने बेताचा दाट चहा दिवसातून ३ ते ४ कप ही निरोगी प्रौढासाठी पुरेशी मर्यादा होय. निरोगी प्रौढाच्या शरीरातील निम्मे कॅफीन नाहीसे होण्यास सुमारे ५ तास लागतात. गरोदरपणात याहून अधिक. रोज ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेणाऱ्या गर्भवतींनी ते कमी करावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. लहान मुलांना चहाची सवय लावू नये.

हृदय व आयुर्मान: ब्रिटनमधील सुमारे ५ लाख व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज २ किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळले. ही निरीक्षणात्मक पाहणी होती. चहामुळेच आयुष्य वाढते, असा निष्कर्ष तिच्यातून काढता येत नाही. मात्र बेताने घेतलेला चहा बहुतेक निरोगी प्रौढांस अपायकारक नाही, हे म्हणण्यास तिचा आधार मिळतो.

उष्णता: ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये ही अन्ननलिकेच्या कर्करोगास 'बहुधा' कारणीभूत होतात, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली केले. दोष पेयाचा नसून तापमानाचा आहे. दुधाच्या चहात दूध वरून घातले तर तो थोडा निवतो. कोरा चहा तसा निवत नाही, म्हणून तो काही मिनिटे थांबून प्यावा.

साखर आणि गूळ: दर कपात २ लहान चमचे साखर घालून ४ कप चहा घेतल्यास सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला सर्व मिळून ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत साखर घ्यावी. गूळ हाही मुख्यतः साखरच आहे. कपभर चहातील गुळातून मिळणारे लोह नगण्य असते आणि त्यातील बरेचसे चहाच अडवतो. मधुमेही व्यक्तीला गुळाचा चहा चालतो, हा समज चुकीचा आहे.

फ्लोराइड: चहाचे झुडूप जमिनीतील फ्लोराइड पानांत साठवते आणि ते जून पानांत अधिक असते. तिबेट आणि आसपासच्या प्रदेशांत जून पानांच्या विटा उकळून पिणाऱ्या लोकांत यामुळे हाडांचे व दातांचे विकार आढळले आहेत. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तेथे दाट चहा दिवसभर पिण्याने त्यात भर पडते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे.

जुलाब: जुलाब लागल्यावर लिंबू पिळलेला कोरा चहा देण्याचा घरगुती उपाय सर्वत्र आढळतो. चहाच्या तुरटपणामुळे थोडे बरे वाटले, तरी शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार त्याने भरून येत नाहीत. लहान मुलाच्या बाबतीत चहावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. जलसंजीवनीची पुडी हाच पहिला उपाय. ती हाताशी नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे आणि दवाखाना गाठावा.

अन्य: रिकाम्या पोटी दाट कोरा चहा घेतल्यास अनेकांना मळमळ आणि जळजळ होते, दूध नसल्याने तुरटपणा अधिक जाणवतो. सतत चहा पिणाऱ्यांचे दात पिवळट पडतात. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी चहातील ऑक्झॅलेटांमुळे प्रमाण सांभाळावे आणि पाणी भरपूर प्यावे.

भेसळ आणि पेले

चहा पावडरीत वापरून वाळवलेला चोथा, कृत्रिम रंग आणि लोखंडाचा कीस यांची भेसळ आढळते. कोऱ्या चहात दूध नसल्याने अनैसर्गिक लालभडक रंग लवकर लक्षात येतो. ओल्या गाळणकागदावर पावडर पसरून ती पाण्याने धुतल्यावर गडद रंगीत डाग राहिल्यास रंगाची, आणि पावडरीतून चुंबक फिरवल्यावर कीस चिकटल्यास लोखंडाची भेसळ समजावी. अशी शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

कागदी पेल्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या २०२० च्या अभ्यासात अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे ठेवल्यावर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्मकण उतरल्याचे दिसले. काचेचा, चिनी मातीचा किंवा स्टीलचा पेला अधिक चांगला.

औद्योगिक पट्ट्यातील कोरा चहा

पिंपरी-चिंचवड शहराला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेत येथील बंधाऱ्यातून उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेले जाते. शहरातील बहुतेक घरांतला चहा या पाण्याचा होतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी येथे आणि पुढे चाकण, तळेगाव येथे कारखानदारी वाढली आणि पाळीनुसार काम करणाऱ्यांची मोठी वस्ती झाली. एकेकाळी शेतीचे गाव असलेले रावेतही आता उंच इमारतींचे उपनगर झाले आहे.

पाळीच्या कामात चहा हा झोप घालवण्याचा, भूक मारण्याचा आणि दोन घटका बसण्याचा आधार असतो. कोरा चहा झोप घालवू शकतो. भूक मात्र तो फक्त लांबवतो. रात्रपाळीत तो पाळीच्या पूर्वार्धात घेतल्यास उपयोगी पडतो. सुटण्याच्या सुमारास घेतलेला दाट चहा घरी गेल्यावर झोप येऊ देत नाही. डबा खाल्ल्याबरोबर टपरीवर जाण्याची सवय तासाभराने पुढे ढकलली, तर त्या डब्यातील लोह अंगी लागते. यासाठी खर्च काही येत नाही. फक्त चहाची वेळ बदलावी लागते.

हेही पाहा

चहा, अमृततुल्य, गवती चहा, किण्वन, रक्तक्षय, जलसंजीवनी, रावेत